पिनकोड एमएच-१७१८

प्रति,
माननीय मुख्य पोस्टमास्टर जनरल,
महाराष्ट्र परिमंडळ, मुंबई



तुमच्या परिमंडळात गडचिरोलीच्या जंगलातली पोस्टं आहेत, खाडीपलीकडच्या कोकणातली आहेत, गोव्यातली आहेत. आणि एक पोस्ट असं आहे की तिथे वर्षातले काही आठवडे सूर्यच उगवत नाही. ५ एप्रिल २०२४ रोजी अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ या भारतीय संशोधन केंद्रात पोस्टाची शाखा सुरू झाली. उद्घाटन तुमच्याच परिमंडळाच्या प्रमुखांनी इथे बसून, वेब लिंकवरून केलं. पिनकोड प्रायोगिक आहे, पण आहे: एमएच-१७१८. मी चंद्रपूर जिल्ह्यात भूगोल शिकवते. आमच्याकडच्या गाड्यांवर एमएच-३४ लिहिलेलं असतं. त्यामुळे अंटार्क्टिकाच्या पत्त्यातही ‘एमएच’ आहे म्हटल्यावर वर्गात जो गलका झाला, तो पेंग्विनच्या कुठल्याही चित्राने आजवर झाला नव्हता. म्हणून हे पत्र शिक्षण खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मागणं आधी सांगते, कारण सरकारी कार्यालयात लांब पत्राचं पहिलं पान तेवढं वाचलं जातं असं ऐकून आहे. अंटार्क्टिकाची मोहीम निघण्याआधी वर्षातून एकदा या पोस्टासाठी मुलांच्या पत्रांची वेगळी थैली निघावी. तिची तारीख आणि पत्ता जिल्ह्याजिल्ह्याच्या पोस्टात मराठीत लागावा. आणि तिथून मुलांना एक उत्तर यावं. एवढंच. बाकीचं पत्र हे कशासाठी हवं ते सांगण्यासाठी आहे.

आपल्याकडे मुलांना ध्रुवप्रदेश भेटतो तो सहसा कापसाचा. शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोलचा इग्लू असतो, भोवती कापसाचा बर्फ, एका बाजूला पेंग्विन, दुसऱ्या बाजूला पांढरं अस्वल. परीक्षक कौतुक करतात, बक्षीसही मिळतं. त्या दोघांच्या मध्ये अख्खी पृथ्वी आडवी पसरली आहे, अस्वलाने जन्मात पेंग्विन पाहिलेला नाही, याची कुणाला फारशी चिंता नसते. मलाही या एका चुकीचं फार वाटत नाही. ती एका वाक्यात दुरुस्त होते. वाटतं ते याचं की या देखाव्यात माणूस कुठेच नसतो. असलाच तर फर गुंडाळलेला, नाव नसलेला, इग्लूच्या दारात उभा केलेला. तिथे कुणी डाळ शिजवतं, कुणी जनरेटर दुरुस्त करतं, कुणाचा दात दुखतो, हे मुलांपर्यंत येतच नाही. मग ती जागा परीकथेतल्या राज्यांच्या पंगतीला जाऊन बसते आणि सहावी-सातवीत परीकथा सुटल्या की तीही सुटते.

अलीकडे आणखी एक तऱ्हा आली आहे. बर्फ वितळतोय, अस्वलं उपाशी मरताहेत, समुद्र वाढतोय, आता तुम्हीच वाचवा. हे खोटं नाही. आर्क्टिक उर्वरित जगाच्या कितीतरी पट वेगाने तापतं आहे आणि ते मुलांपासून लपवावं असं मी म्हणत नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ज्याची ओळखच करून दिलेली नाही, त्याच्या थेट तेराव्याला जेवायला बसवायचं, हा काय प्रकार? घाबरलेलं मूल प्रश्न विचारत नाही. ते घोषवाक्य पाठ करतं आणि चित्रकलेच्या स्पर्धेत रडणारी पृथ्वी काढतं.

त्यापेक्षा दोन स्टीलचे पेले बरे. चंद्रपुरात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बर्फाचा प्रयोग करायला वेळ लागत नाही. एका पेल्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवायचा आणि पाणी काठोकाठ भरायचं. दुसऱ्यात पाण्यातून डोकं वर काढेल असा दगड ठेवायचा, पाणी काठोकाठ भरायचं आणि खडा त्या दगडावर ठेवायचा. मुलं पैजा लावतात. पहिल्या पेल्यातला खडा वितळतो तरी पाणी सांडत नाही. दुसरा पेला भरून वाहतो आणि बाक ओला होतो. मग सांगायचं की पहिला पेला म्हणजे आर्क्टिक: जमिनींनी वेढलेला समुद्र, त्यावर काही मीटर जाडीचा तरंगता बर्फ. दुसरा पेला म्हणजे अंटार्क्टिका: समुद्राने वेढलेली जमीन, भारताच्या चौपटीहून मोठी, आणि तिच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जास्त. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के तिथे बर्फ होऊन पडलं आहे. आर्क्टिकजवळच्या ग्रीनलंडवरचा बर्फ मात्र दुसऱ्या पेल्यातला. ‘मग ग्रीनलंडचं काय?’ हा प्रश्न हमखास शेवटच्या बाकावरून येतो आणि आला की मला बरं वाटतं. भीती घालायची असेलच तर आता घाला. आता तिला काहीतरी धरायला मिळालं आहे.

पण पेले वर्गातच राहतात. ‘तिथे’ म्हणजे कुठे, हा प्रश्न उरतोच, आणि तो भिंतीवरच्या नकाशाने सुटत नाही. नकाशात अंटार्क्टिका म्हणजे तळाशी ओढलेली पांढरी किनार, तीही बऱ्याचदा खालच्या दांड्याला गुंडाळली गेलेली. पृथ्वीगोलावर तर नेमका तिथेच स्टँडचा स्क्रू असतो. एवढा मोठा खंड आणि शाळेतल्या दोन्ही साधनांनी त्याला झाकून टाकलेलं.

मी मुलांना बुलढाण्यावर बोट ठेवायला सांगते. चंद्रपूरला हा मान नाही, आम्ही तीन अंश पूर्वेला पडतो. रेखांशांनी बुलढाण्याची बाजू घेतली त्याला इलाज नाही. तिथून बोट सरळ खाली न्यायचं. कर्नाटकात कोप्पळ लागतं, केरळात त्रिशूरच्या आसपास जमीन संपते. त्यानंतर बोटाला पाणीच पाणी. विषुववृत्त ओलांडलं, मकरवृत्त गेलं, वादळी दक्षिण महासागर गेला, तरी वाटेत खडकाचा तुकडाही नाही. आणि मग पहिली जमीन लागते ती लार्समन टेकड्यांची, जिथे भारती केंद्र उभं आहे. बुलढाण्याचा आणि भारतीचा रेखांश जवळजवळ एकच: ७६ अंश पूर्व आणि वर थोडंसं. अक्षांशांतलं अंतर मोजलं तर साधारण ९० अंश भरतं, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ चौथा हिस्सा, सुमारे दहा हजार किलोमीटर. रेखांश एकच म्हणून मध्यान्हही एकाच वेळी. बुलढाण्यात सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा भारतीतही होते. फक्त तिथे जूनमध्ये सावलीच नसते, कारण सूर्यच नसतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात, जून संपत आलेला असताना. त्या दिवसांत भारतीवर आणि ‘मैत्री’ या तिथल्या दुसऱ्या भारतीय केंद्रावर ध्रुवीय रात्र चालू असते. २१ जूनला, हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, अंटार्क्टिकातली निरनिराळ्या देशांची केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. एकमेकांचं तोंड पाहायला बऱ्याचदा शेकडो किलोमीटर जावं लागेल अशी माणसं, अंधारात, सण साजरा करतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, तिथं लाईन जाते का?”

साहेब, किंवा बाईसाहेब, या एका प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे असं समजा. विजेच्या कारखान्यांच्या गावातलं मूल, ज्याच्या घरची लाईन ऐन उन्हाळ्यात जाते, ते अंटार्क्टिकाबद्दल सर्वांत आधी हे विचारतं. या प्रश्नात पेंग्विन नाही, परी नाही, रडणारी पृथ्वी नाही. त्या मुलाच्या मनात ती जागा खरी झाली आहे. मी सांगते की वीज इंधनावर चालणाऱ्या जनरेटरची, आणि ती गेली तर उकडत नाही, जीव जातो. म्हणून तिथे शास्त्रज्ञाइतकाच मेकॅनिक महत्त्वाचा. मग प्रश्नांची रांग लागते. पाणी कुठून आणतात? मैत्रीजवळ एक तळं आहे, प्रियदर्शिनी नावाचं. पेंग्विन दारात येतात का? मैत्रीच्या नाही, ते समुद्रापासून जवळजवळ शंभर किलोमीटर आत, खडकाळ जमिनीवर आहे. भारती किनाऱ्याला लागून, तिथे ॲडेली पेंग्विन दिसतात. घर कशाचं? भारतीचं घर १३४ कंटेनर जोडून केलेलं, ट्रकवरून जातात तसलेच कंटेनर, वरून आवरण घातलेलं. कुत्रा नेता येतो का? नाही. १९९४पासून अंटार्क्टिकात कुत्र्यांना बंदी आहे, त्याआधी गाड्या ओढणारे होते त्यांनाही परत नेलं. कचरा कुठे टाकतात? टाकतच नाहीत; भरून परत आणायचा. या उत्तरावर आमच्या वर्गात दीर्घ शांतता पसरते आणि मग कुणीतरी हळूच नगरपालिकेचं नाव काढतं. अंघोळ, संडास, आजारी पडलं तर, घरची आठवण आली तर, मोबाईलला रेंज.

या सगळ्यांची उत्तरं मी देऊ नयेत. पुस्तकातून काढून देता येतात, देते. पण ज्याने तिथे एक हिवाळा काढला आहे, त्याने चार ओळी लिहिल्या तर त्यांचं वजन वेगळं. आणि तशी माणसं आहेत. दर वर्षी जातात, औलीला बर्फावरचं प्रशिक्षण घेऊन जातात. डॉक्टर, स्वयंपाकी, वेल्डर, हवामान खात्याचे लोक, भूवैज्ञानिक. मोहिमांची सूत्रं हलतात ती गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. भारताची पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. ६ डिसेंबर १९८१ला, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली, एकवीस जण, ‘पोलर सर्कल’ नावाच्या नॉर्वेच्या जहाजातून. ९ जानेवारी १९८२ला ते अंटार्क्टिकावर उतरले.

तुमच्या खात्याची तिथली कहाणी तर याहून रंगतदार, आणि ती तुम्ही स्वतः कधी मुलांना सांगितलेली नाही याची मला गंमत वाटते. १९८४ साली ‘दक्षिण गंगोत्री’ या पहिल्या केंद्रात पोस्ट सुरू झालं. पहिल्याच वर्षात जवळजवळ दहा हजार पत्रांवर तिथला शिक्का बसला. पोस्टमास्तर कोण, तर शास्त्रज्ञच, मानद. केंद्र उभं होतं समुद्रावर सरकणाऱ्या बर्फाच्या थरावर. वर्षागणिक हिम साचत गेलं आणि ते हळूहळू त्याखाली गाडलं गेलं. १९९०मध्ये पोस्ट मैत्रीत हलवलं. बर्फाखाली गेलेलं पोस्ट! पोस्टाच्या तिकिटांवर आजवर कितीतरी पुढाऱ्यांचे चेहरे छापून झाले. ही गोष्ट एखाद्या चित्रमय पुस्तिकेत छापून दहा रुपयांना विकली असती तर पोस्टाच्या खिडकीपुढे शाळकरी पोरांची रांग लागली असती.

आज या पोस्टाचा उपयोग मुख्यतः कोण करतं? तिकीट आणि शिक्के जमवणारी मंडळी. पत्रं गोव्याच्या केंद्रात जमा होतात, मोहिमेबरोबर जातात, त्यांवर तिथला शिक्का बसतो आणि ती परत येतात. असे लिफाफे अल्बममध्ये नीट लावून ठेवले जातात. त्यात वाईट काहीच नाही, छंद चांगला आहे. पण ते पत्र कुणी कुणाला लिहिलेलं नसतं. शिक्क्यासाठी गेलेला लिफाफा शिक्का घेऊन येतो. मी म्हणते त्या थैलीतल्या पत्रांत मजकूर असेल, आणि मजकुरात प्रश्न असतील.

यावर कुणी म्हणेल, पोस्टाला हीच कामं उरली आहेत का. कॅनडाच्या पोस्टाकडे पाहा. तिथे उत्तर ध्रुवासाठी एक पिनकोड ठेवला आहे, ‘एचझिरोएच झिरोएचझिरो’, वाचताना ‘हो हो हो’ असा. त्या पत्त्यावर मुलं सांताक्लॉजला पत्रं लिहितात आणि पोस्टातले आजी-माजी कर्मचारी हौसेने बसून त्यांना उत्तरं पाठवतात. फिनलंडमध्ये रोव्हानिएमीला, उत्तर ध्रुववृत्तावरच, सांताच्या नावाचं अख्खं पोस्ट आहे. तिथला म्हातारा कल्पनेतला, तरी पोस्टखातं त्याचा पत्रव्यवहार सांभाळतं. आपल्याकडे तर पत्त्यावर खरी माणसं बसली आहेत.

उत्तरेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. आपलं तिसरं घर तिकडे आहे: ‘हिमाद्री’, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंड या वस्तीत, २००८पासून. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर. गावाच्या बाहेर पडायचं तर अस्वलापासून बचावाचं साधन बरोबर लागतं, आणि घरांना कुलपं घालत नाहीत, म्हणजे अस्वल आलं तर समोर दिसेल त्या दारात शिरता यावं. दक्षिणेत कुणाचंच गाव नाही. उत्तरेत माणसं हजारो वर्षं राहताहेत, आज त्यांच्या शाळा आहेत, तिथे इनुक्टिटुटसारख्या भाषांतून शिकवलं जातं आणि ती लाकडी-पत्र्याच्या घरांत राहतात. हा फरक मुलांना एका ओळीत कळतो, पण त्यासाठी इग्लूच्या दारातला तो फरवाला आधी दूर करावा लागतो.

आता चंद्रपूरकडे येते. उन्हाने भाजलेल्या गावातल्या मुलांना बर्फाचं काय, असं मला शहरातल्या लोकांनी सहानुभूतीने विचारलेलं आहे. त्यांना माहीत नसतं की आम्ही बर्फाच्या जमिनीवरच राहतो. चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाजवळ जुना चुनखडक उघडा पडला आहे. १८७०च्या दशकात भूवैज्ञानिकांना तो गुळगुळीत घासलेला आणि एका दिशेने ओरखडलेला आढळला, आणि त्यावर लहानमोठ्या दगडगोट्यांचा थर. पाण्याने असे ओरखडे पडत नाहीत. पोटात दगड अडकलेली हिमनदी जमिनीवरून सरकली की पडतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका एकत्र होते, गोंडवन या एका भूखंडात, दक्षिण ध्रुवाच्या जवळ. त्यांच्यावर बर्फाचं आवरण होतं. आमचं गाव त्याखाली होतं. गोंडवन हे नावच आमच्याकडचं, गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या आत राहणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही.

बर्फ ओसरला आणि त्या ओल्या, थंड प्रदेशात जंगलं उभी राहिली. त्यांचा कोळसा झाला. तोच कोळसा आज वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून निघतो, वीज केंद्रात जळतो आणि आमच्या फुप्फुसांत बसतो. कोळशाच्या थरांमधल्या करड्या शेलवर पानांचे ठसे सापडतात. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठळक शीर, बाजूच्या शिरांची नाजूक जाळी. ग्लोसोप्टेरिस. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी, ज्यांच्या नावाचं तिथे कॉलेज आहे, एकोणिसाव्या शतकात याच परिसरातले वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. ज्यांचे वडील खाणीत काम करतात अशा मुलांपैकी कुणी ना कुणी असा दगड दप्तरात घालून आणतंच.

तो दगड टेबलावर ठेवून मी कॅप्टन स्कॉटची गोष्ट सांगते. ध्रुवावर दुसरा पोहोचलेला माणूस म्हणून ती सगळे सांगतात. मी परतीची सांगते. १७ जानेवारी १९१२ला स्कॉट आणि चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोहोचले तेव्हा ॲमुंडसेनचा झेंडा तिथे महिनाभर आधीपासून फडकत होता. ते खचून माघारी फिरले. अन्न कमी, पाय हिमदंशाने सुजलेले. फेब्रुवारीत बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला खडक दिसला, तेव्हा सोबत्यांपैकी डॉ. विल्सन यांनी तिथे थांबून जीवाश्म गोळा केले. सुमारे १६ किलो दगड. त्यानंतर प्रत्येक पाऊल जड होत असताना, सामान टाकून देण्याची वेळ आली असतानाही, ते दगड गाडीवरच राहिले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला. आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांचे देह होते, आणि बाहेर त्यांनी ओढत आणलेले दगड. त्यांवर ग्लोसोप्टेरिसची पानं होती.

आमच्या मुलाच्या दप्तरात आहे तेच पान.

इथे मी गप्प बसते आणि दगड वर्गात फिरू देते. माणसं मरत असताना दगड का ओढत होती, यावर मुलांमध्ये जोरात भांडण होतं. काहींच्या मते तो शुद्ध मूर्खपणा. विशेषतः मुली या मताच्या असतात आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला जमत नाही. काहींना वाटतं, हरलो तर हरलो, काहीतरी घेऊन जाऊ, असं असेल. भांडण मिटवायला मी जात नाही. त्या दगडांनी दाखवून दिलं की आज जिथे बर्फाशिवाय काही नाही तिथे एकदा झाडं होती, आणि ती आपल्याकडच्यासारखीच होती. पुढे खंड सरकतात हे मान्य व्हायला जी साक्ष लागली, तिच्यात हे पानही उभं राहिलं. ध्रुव दूर आहे हे खरं, पण त्याचा एक तुकडा कोळशाच्या ट्रकमधून आमच्या रस्त्यावर सांडतो.

नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत यांचं नाव मी याच तासाला घेते. १९८३-८४च्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. पंतांना सागरविज्ञानाचं वेड लागलं ते ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हाती पडल्यामुळे. कुठल्या मुलाच्या हाती काय पडलं की काय घडेल याचा नेम नाही. म्हणून हाताशी जितकं पडेल तितकं पडू द्यावं, आणि हातात पडण्याजोगी वस्तू पोहोचवायचं काम तर तुमचं खातं दीडशे वर्षांहून जास्त काळ करतं आहे.

आता व्यवहाराचं. मुलांना महागडा लिफाफा आणि विशेष तिकीट परवडणार नाही. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. ते या थैलीत चालेल का, एवढं स्पष्ट व्हावं. चालणार असेल तर एका वर्गाचा खर्च एका वडापावच्या आसपास येतो. पूर्वी जोडकार्ड मिळायचं, एकावर लिहायचं आणि दुसरं उत्तरासाठी कोरं सोडायचं. या कामासाठी ते पुन्हा मिळालं तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक मुलाला वेगळं उत्तर द्या असं म्हणत नाही, तिथल्या माणसांना बाकीची कामं आहेत. दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्याच्या पत्रांतले दहा-पंधरा प्रश्न निवडावेत, हिवाळ्याच्या लांब रात्रीत तिथल्या माणसांनी त्यांची उत्तरं लिहावीत, आणि ती आंतर्देशीय पत्रावर मराठीत छापून शाळांना पाठवावीत. शास्त्रज्ञाचं एक उत्तर असू द्या, पण स्वयंपाक्याचं आणि मेकॅनिकचंही असू द्या. त्यांच्यात मराठी किंवा कोकणी बोलणारं कुणी असेल तर त्याने आपल्या अक्षरात चार ओळी लिहिल्या तर फारच छान. नसेल तर भाषांतर करून द्यायला आमच्यासारखे शिक्षक आहेत, मोबदला नको.

उत्तराला वर्ष लागेल हे मला ठाऊक आहे. तो दोष समजू नका. पाचवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सहावीत येणं, हे अंटार्क्टिका किती लांब आहे ते शिकवण्याची मला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत आहे. दहा हजार किलोमीटर हा आकडा फळ्यावर लिहिला की पुसला जातो. वर्षभर दारातून जाणाऱ्या पोस्टमनला “काका, आलं का?” विचारलं की तो आकडा अंगात मुरतो. शिवाय पोस्टमनकाकांशी बोलायला मुलांना निमित्त मिळेल ते वेगळंच. हल्ली त्यांच्या थैलीत बँकेची पत्रं आणि पार्सलं याखेरीज काही नसतं, असं आमच्या गल्लीतले काका स्वतःच सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी सूचना मिळाली तर शाळांना सोयीचं जाईल. आमच्याकडून पत्रं तयार आहेत. बहुतेकांवर ‘भारती केंद्रातल्या काका-काकूंस’ असं लिहिलंय, एकावर ‘तिथल्या मेकॅनिकला’. एक मात्र तुमच्या नावाचं आहे, ते यासोबत जोडलं आहे. लिहिणारी सहावीतली आहे. तिला विचारायचं आहे की एवढ्या थंडीत शिक्क्याची शाई गोठते का, आणि गोठत असेल तर शिक्का मारण्याआधी ती चुलीजवळ ठेवतात का खिशात. उत्तर तुमच्या खात्याकडून आलेलं बरं. सोबत तिने उत्तरासाठी एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं आहे, त्यावर स्वतःचा पत्ता नीट लिहिलेला आहे, पिनकोडसकट.

आपली,
चंद्रपूर जिल्ह्यातली एक भूगोल शिक्षिका